काचेवरची तीट

माझं अक्षर वाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नये. चौथीपर्यंत जेवढं शिकले तेवढंच, आणि त्यातलंही अर्धं पोळ्या लाटता लाटता विसरले. ही वही कोणाच्या हातात पडलीच तर त्याने मनातल्या मनात शुद्ध करून वाचावं आणि मला माफ करावं. तशी ती पडणार नाही. मुलीच्या कॉलेजातली उरलेली वही आहे. पुढची पानं तिच्या आकड्यांनी भरली आहेत, म्हणून मी मागून सुरुवात केली आहे. चारचौघांत मला बोलता येत नाही. भिशीच्या बायका मला मुकी म्हणतात. पण मनातलं बोलणं काही थांबत नाही, ते कुठेतरी ठेवावं म्हणून हे.

लिहायचं आहे ते माझ्या बहिणीबद्दल. ती माझ्याहून धाकटी, अकोल्याला दिली आहे. मी अमरावतीला. मला तिचा हेवा वाटतो. तिने माझ्या मुलीला लॅपटॉप घेऊन दिला होता, आणि ते पैसे एकदाचे पूर्ण परत करावेत ही कितीतरी दिवस माझी एकच इच्छा होती. पैसे फिटले की ती माझ्या मुलीला "आमची पोरगी" म्हणायची थांबेल, असं मला वाटत होतं.

आमचं माहेर नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडचं. आई लोकांच्या शेतात निंदायला जायची आणि धाकटीला सांभाळायला घरी कोणी नसायचं, म्हणून चौथी झाल्यावर मी घरी राहिले. ती माझ्या कडेवर वाढली आणि पुढे बारावी शिकली. यात तिचा दोष नाही. मला ते कळतं, आणि तरी सलतं. ती दिसायला माझ्यासारखीच, पण बोलायला लागली की माणसं तिच्याकडे वळून बसतात. तिचं लग्न फोटो स्टुडिओवाल्याशी झालं. माझे हे शिवणकाम करतात, आणि मी कॉलेजच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या करते.

मुलगी कॉम्प्युटरच्या कोर्सला लागली तेव्हा लॅपटॉप लागेल असं निघालं. हे म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. बहीण तेव्हा एका बारशासाठी अमरावतीला आली होती. तिने ऐकलं, आणि त्याच संध्याकाळी मुलीला घेऊन दुकानात गेली. परत आल्या त्या खोकं घेऊनच. मला कोणी विचारलं नव्हतं.

"मी परत देईन पैसे," मी म्हणाले.

"देजो ना, बाई. घाई काय हाय? पोरगी आमची नाई का?"

ती मला बाई म्हणते. आमच्याकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात.

मी दिलेही. पहिल्यांदा थोडे साठवून मुलीच्या हाताने पाठवले, तर मुलगी परत येताना कानांवर लावायचे मोठे हेडफोन घेऊन आली. मावशीने त्याच पैशांतून घेऊन दिले होते, वर स्वतःचे थोडे घालून. दुसऱ्यांदा दिले, तर खुर्ची आली, पाठीला टेकायला उशीसारखी असते तशी. मी फेडत होते आणि ते वाढत होतं. लग्नाकार्यात बहीण कोणालाही सांगायची, "माह्या भाचीच्या मांगं मी हाओ म्हनून." लोक माझ्याकडे बघायचे. मी पदर नीट करायची.

मुलीला पुण्याच्या एका कंपनीत काम लागलं आणि ते घरूनच करायचं होतं, याचा मला आनंद झाला. वाटलं, आता ही माझ्या डोळ्यांसमोर राहील. आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत यांचं मशीन, मागच्या खोलीत एका बाजूला माझा ओटा आणि दुसऱ्या बाजूला तिचं टेबल. मी फोडणी घातली की तिला ठसका लागतो, इतकं जवळ.

ती काय काम करते हे मला कळायला वेळ लागला. कॉम्प्युटरमध्ये फोटो उघडायचा आणि ठेवायचा, एवढंच काम करणारी वस्तू कोणीतरी बनवून ठेवलेली असते, आणि बाकीचे लोक ती आपापल्या कामात वापरतात. दवाखान्यात वापरतात, नकाशेवाले वापरतात. ती वस्तू नीट चालते की नाही हे माझी मुलगी तपासते.

"म्हणजे कसं तपासतेस?" मी विचारलं होतं.

"तू कुरड्या डब्यात भरतेस ना, आई? वर्षभराने काढल्या की बघतेस, तशाच आहेत का, की चुरा झाला. तसंच. फोटो उघडायचा, दुसऱ्या फाइलीत लिहायचा, ती फाइल परत उघडायची, आणि बघायचं, पहिला फोटो आणि हा फोटो एकच आहे का. फाइलींचे प्रकार पुष्कळ असतात. काहींत फोटो दाबून भरतात, जागा कमी लागते पण थोडा चुरा होतो. काहींत जसाच्या तसा राहायला पाहिजे. तिथे एक कण जरी बदलला तरी चूक."

"आणि ते डोळ्यांनी कळतं?"

"डोळ्यांनी नाही. वजा करायचं."

त्याचा अर्थ मला एका सकाळी कळला. मी मेसवरून आले तर ती खुर्चीत मागे रेलून हसत होती आणि समोर पडदा पूर्ण काळा.

"बिघडला का गं?"

"नाही गं, पास झालं!"

तिने समजावलं. पहिल्या फोटोतून दुसरा फोटो वजा करायचा. दोन्ही अगदी सारखे असले तर काही उरत नाही, आणि काही उरलं नाही म्हणजे पडदा काळा. कुठे फरक असेल तर तिथे उजेडाचा ठिपका दिसतो. मला ते काही पटलं नाही. काळं आलं म्हणजे चांगलं, हे आमच्या घरात पहिल्यांदाच ऐकलं. पण दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना तेच डोक्यात फिरत राहिलं. माझ्यातून माझी बहीण वजा केली तर काय उरेल? नाक सारखं, कपाळ सारखं, तिथे काळंच येईल. पण तिची बारावी उरेल, तिचं बोलणं उरेल. माझ्या बाजूने काय उरेल ते मला सापडेना, आणि एक पोळी करपली.

पुण्याचे लोक तिला तपासायला जे नमुने द्यायचे ते बनवलेले असत, रंगांच्या पट्ट्या आणि काळे-पांढरे चौकोन. ती म्हणाली, यात खऱ्या फोटोंची गंमत नाही, जुने, फिके, वेगवेगळ्या आकारांचे खरे फोटो पाहिजेत. आधी तिने मलाच विचारलं. मी लगेच फळीवरून पिशवी काढली. आमचा लग्नातला एक फोटो, तिचा शाळेतला एक, आणि कागदपत्रांसाठी काढलेले छोटे, त्यांत आम्ही तिघं घाबरल्यासारखे दिसतो. तिने सगळे टेबलावर मांडले आणि "चालेल" म्हणाली. कसं म्हणाली ते मला ऐकू आलं. नंतर तिने मावशीला फोन लावला.

"अवं पोरी, माह्या पलंगाखाली निरा फोटोच फोटो हायेत!" बहिणीचा आवाज सगळ्या खोलीत घुमला, कारण मुलगी काम करता करता फोन मोठ्याने लावून ठेवते. "खोकी हायेत, सीडी हायेत, काकाच्या जुन्या मशीनी हायेत. ये तू. तुहे काका दिवसभर झेरॉक्स काढून काढून कंटायले, त्याईले पन कामाले लावतो."

मुलगी अकोल्याला गेली. ठरल्यापेक्षा एक दिवस जास्त राहिली. परत आली ती एसटीतून एक भलं मोठं खोकं आणि काकांचा जुना स्कॅनर घेऊन. कागदी फोटो त्याच्या काचेवर पालथा ठेवायचा आणि झाकण लावायचं, की तो कॉम्प्युटरमध्ये जातो. तो स्कॅनर तिने माझ्या पिठाच्या डब्याच्या जागी ठेवला. पिठाचा डबा खाली आला.

मग रोज सुरू झालं. खोक्यातले पुष्कळ फोटो माझ्याच मुलीचे होते. उन्हाळ्यात मी लोकांच्या घरी पापड-कुरड्या करायला जायची, म्हणून सुट्टीत तिला अकोल्याला ठेवत असे. त्या सुट्ट्या सगळ्या तिथे जमा होत्या. टपात बसलेली, बर्फगोळा खाऊन ओठ लाल झालेले, काकांचा गॉगल लावलेली. प्रत्येक तिसऱ्या फोटोत बहीण तिला कडेवर घेऊन उभी. तिचं लहानपण बघायला मला तिच्या मावशीचं खोकं उघडावं लागत होतं. आणि तिला ते फोटो एकेक करून उघडायचे, लिहायचे, परत उघडायचे. दिवसभर पडद्यावर बहीण येत-जात असे.

फोन तर चालूच. "मावशी, हा फोटो कुठला?" "मावशी, ही सीडी कोणत्या साली केली?" माझ्यापासून चार हातांवर बसून ती तिकडे हसत होती. एकदा म्हणाली, "आई, चहात सुंठ घाल ना, मावशी घालते तशी." मी सांगितलं, सुंठ संपली. डब्यात होती.

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, ज्याच्या त्याच्या कामाची. यांचं मशीन आणि कात्री, माझं पोळपाट-लाटणं, आणि मुलीचा लॅपटॉप, असं सगळं पाटावर मांडून मी हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मुलगी म्हणाली, "स्कॅनरला पण वाहा ना. तोही काम करतो." म्हणून त्यालाही वाहिलं. पण माझ्या मनात दुसरंच आलं. ही वस्तू त्या घरची. त्या घरातून रोज माझ्या मुलीचं कौतुक येतं, रोज "किती गुनाची, किती हुशार" चालतं. इतकं कौतुक बरं नाही. मी काजळाची डबी काढली. झाकणावर तीट लावली तर मुलगी पुसून टाकेल, लॅपटॉपवरचं कुंकूही ती लगेच ओल्या फडक्याने पुसते. म्हणून झाकण उचललं आणि आतल्या काचेवर, एका कोपऱ्याला, करंगळीने लहानशी तीट लावली. झाकण बंद केलं. मनाला बरं वाटलं.

सुट्टीनंतर तिने उरलेले कागदी फोटो काचेवर ठेवून ठेवून आत घेतले, आणि एका दुपारी एकदम सरळ होऊन बसली. प्रत्येक फोटोत, वरच्या एका कोपऱ्याजवळ, एक काळा डाग होता. फोटो वेगवेगळे, डाग एकाच जागी.

"फोटोलाच डाग असता तर प्रत्येकाला वेगळ्या जागी असता," ती मला नाही, स्वतःलाच सांगत होती. "म्हणजे वाचतानाच चुकतंय. वजा केलं की काळं येतंय, पण मुळातच दोन्हीकडे चुकीचं वाचलं जात असेल तर काळंच येणार ना."

तिने पुण्याच्या लोकांना सांगितलं. पडद्यावर मीटिंग झाली. साहेब म्हणाले, छान पकडलंस. आणखी दोघं जण कामाला लागले. मुलगी जेवायला उठली नाही. मी ताट तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि मागे उभी राहिले. मला अभिमान वाटत होता. माझी मुलगी काहीतरी मोठं शोधून काढते आहे आणि ते माझ्या घरात घडतं आहे.

संध्याकाळपर्यंत कोणाला काही सापडलं नाही. शेवटी तिने एक फोटो मोबाइलमध्ये उघडून बघितला, तिथे ही वस्तू नसते, तर डाग तिथेही. ती गोंधळली आणि तिने मावशीला फोन लावला, नेहमीसारखा मोठ्याने. मी चहा टाकत होते.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काच पाह्यली का वं?"

"कोणती काच?"

"स्कॅनरची, दुसरी कोनती? आमच्या स्टुडिओत निरा हेच चाले. काचेवर काई पडलं का सगळ्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर तोच तीळ. एका नवरदेवाच्या नाकावर आला होता, त्याची माय भांडाले आली."

मुलीने झाकण उचललं. बोट फिरवलं. बोट काळं झालं. तिने ते नाकाजवळ नेलं, मग माझ्याकडे वळली.

"आई?"

"तीट आहे," मी म्हणाले. "दसऱ्याला लावली."

फोनमधून आधी हसण्याचा लोट आला. "बाई! माह्या मशीनले तीट? इतक्या जुन्या डबड्याले कोनाची नजर लागन वं?"

मी चहा ढवळत राहिले. बहिणीचं हसणं हळूहळू कमी होत थांबलं.

"माही का, बाई?" ती म्हणाली.

मी गॅस बंद केला आणि दोरीवरचे कपडे काढायला मागे गेले. ते अजून ओले होते.

दुसऱ्या दिवशी मुलीने पुण्याला सांगितलं, स्कॅनरच्या काचेवर घाण होती, फोटो वाचण्यात चूक नव्हती. काजळाचं नाव घेतलं नाही. तिने माझी लाज राखली आणि स्वतःची घालवली, हे मला समजलं. दुपारी ती मऊ कापडाने काच पुसत बसली आणि पुसता पुसता म्हणाली, "मावशीची नजर मला लागत नाही, आई. तिने माझं वाईट कधी केलं?"

"मी कुठे म्हणाले वाईट केलं?"

"मग?"

"तिचे पैसे देऊन टाकू दे मला एकदा."

"ते मी देते ना, पगारातून. आत्ता पाठवते फोनवरून."

"तुझे नको," मी म्हणाले. "माझे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं तिला राग आला होता आणि कळलंही होतं. पुढे तो विषय तिने काढला नाही, आणि मावशीशी बोलताना फोन कानाला लावू लागली. त्याचंही मला वाईट वाटलं. आधी ऐकू यायचं म्हणून जळायची, आता ऐकू येत नाही म्हणून.

त्यानंतर एक फोटो अर्धाच उघडू लागला. तो कागदी नव्हता, काकांनी तेव्हाच कॉम्प्युटरमध्ये करून सीडीवर ठेवलेला होता. त्यामुळे या वेळी काचेचा किंवा काजळाचा संबंध नव्हता, मी मनात पटकन तेच आधी तपासलं. वरचा भाग स्वच्छ दिसे, आणि मधूनच खाली सगळं राखाडी. मुलगी म्हणाली, या प्रकारच्या फाइलीत फोटो आडव्या पट्ट्या कापून ठेवलेला असतो, आणि ही वस्तू वरच्या पट्ट्या वाचते आणि मध्येच थांबते. खालच्या पट्ट्या फाइलीत आहेत, पण तिला वाचता येत नाहीत. ही खरी चूक होती. पुण्यात कोणीतरी ती दुरुस्त करायला घेतली, आणि ती झाली का हे बघायला मुलगी रोज तोच फोटो उघडत होती. वरच्या अर्ध्यात काय होतं? माझी बहीण. गुलाबी शालू, पूर्ण तोंड, पूर्ण हसू, आणि तिच्या मांडीवर कमरेपर्यंत माझी मुलगी. जगातला एवढा एकच फोटो बिघडायचा होता, आणि त्यातही तिचंच तोंड शाबूत.

एके दिवशी मुलीने हाक मारली. "आई, ये! आला पूर्ण."

मी कणकेच्या हातानेच गेले. खालचा भाग उघडला होता. शालूच्या निऱ्या, मुलीचे पाय, पायांत पैंजण. आणि उजव्या कडेने आत आलेला एक हात, हिरव्या बांगड्यांचा, मुलीचा एक पाय घट्ट धरलेला.

"हा हात कोणाचा?" मुलीने विचारलं.

मी पडद्याजवळ वाकले. मनगटाच्या वर तव्याचा डाग होता, आडवा. तो अजूनही आहे.

"माझा."

मला तो दिवस आठवला. शालू रेशमी होता आणि मुलगी मांडीवरून घसरत होती. काका कॅमेऱ्यामागून म्हणाले, "बाई, तुमी जरा बाजूले व्हा." मी बाजूला झाले. पण पाय सोडला नाही, पोर पडलं असतं. इतकी वर्षं मला एवढंच आठवत होतं की मला बाजूला केलं.

मुलीने मान पुढे करून हाताकडे बघितलं, मग माझ्या कणकेच्या हाताकडे. फोटो दुसऱ्या फाइलीत लिहिला, परत उघडला, वजा केला. पडदा काळा झाला, कुठे एक ठिपका नाही.

"पास," ती म्हणाली. मग म्हणाली, "हा फोटो आता तपासायच्या फोटोंत कायमचा ठेवायचा म्हणतात. पुढे कोणीही या वस्तूत काही बदल केला की आधी हा उघडून, लिहून, परत उघडून बघणार. मावशीला विचारलं, ती हो म्हणाली. तुलाही विचारते."

तिला आधी विचारलं होतं. ते मी गिळलं.

"म्हणजे माझा हात बरोबर आला तरच पास?"

"तरच."

"आणि मावशीचं तोंड?"

"ते तर आधीपासून येतच होतं," मुलगी म्हणाली.

मला थोडं बरं वाटलं. फार नाही.

दिवाळी झाली, आणि भिशी माझ्या नावावर निघाली. पोळ्यांच्या पैशांतून मी दर महिन्याला त्यात घालत आले होते ते याचसाठी. हे म्हणाले, फोनवरून पाठव. मी ऐकलं नाही. फोनवरून पाठवलेले पैसे ती परत पाठवेल, तिला ते एका बोटाचं काम. माझ्या हाताने तिच्या हातात द्यायचे होते. बाजारातून संत्री घेतली, कारण बहिणीकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि एकटीच अकोल्याच्या बसमध्ये बसले. मूर्तिजापूर जाईपर्यंत मनात बोलायचं वाक्य घोळवत होते. बस अकोल्यात शिरली आणि ते वाक्य गेलं.

बहीण दारात आली. तीट झाल्यापासून आम्ही बोललो नव्हतो.

"आली का? ये. काजयाची डबी आनली का सोबत?"

"नाही," मी म्हणाले. "संत्री आणली."

ती हसली नाही. पाणी दिलं. स्टुडिओ घराच्या पुढच्याच खोलीत आहे. पूर्वी तिथे मागे डोंगर-नदीचा पडदा असायचा, आता तिथे झेरॉक्सच्या कागदांचे गठ्ठे होते आणि तिचे मालक एकटेच बसून पेपर वाचत होते. मी आत ओट्याजवळ बसले आणि पदराखालून पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं.

"हे काय?"

"लॅपटॉपचे. सगळे."

"राहू दे ना, बाई."

"घे."

"म्या कदी मांगले का तुले?"

"मागितले नाहीस, म्हणूनच घे."

तिने पाकिटाकडे बघितलं, हात लावला नाही. "हे घेतले का मंग ती काहून येईन इकडं?" ती म्हणाली. मला आधी कळलंच नाही. "तुले काय, तुह्या चुलीपाशी पोरगी दिवसभर बसून राह्यते. माहा पोरगा तिकडं बंगलोरले, सनावाराले फोन करते, तोही दोन मिनिटं. दुकानात कोनी फोटो काढाले येत नाई. तिचा फोन येते तोच एक. मी फोन ठेवला का घर निरा चुप. म्या मुद्दामच घेत नवती तुहे पैसे. थोडंसं काई देनं राह्यलं पायजे, म्हनलं."

म्हणजे ती माझ्यावर जळत होती. माझ्या दोन खोल्यांवर, माझ्या पिठाच्या डब्यावर. मला तिची कीव यायला हवी होती. आधी आनंद झाला, खोटं कशाला लिहू. कीव नंतर आली, आणि ती आली तेव्हा बोलणं सुचलं.

"ती लॅपटॉपसाठी येत होती का? येईल ती. तुला विचारल्याशिवाय तिचा एक फोटो उघडत नाही." हे माझ्याच तोंडून काढताना मला जड गेलं. "पण हे घे. मला तुझ्या घरी मान वर करून यायचं आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी इतकं कधी बोललेच नव्हते.

"मोज," मी म्हणाले.

तिने मोजले, बोट ओलं करून. बरोबर होते. उठून कपाटात ठेवले. मग आम्ही भरीत-भाकर खाल्ली, आणि तिने सुंठ घातलेला चहा केला. चांगला होता. तसं मी तिला सांगितलं नाही.

निघताना ती म्हणाली, थांब, ओटी भरते. मी पदर पुढे धरला. तिने कुंकू लावलं, तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला, आणि खणाच्या घडीत मूठ घालून पटकन काढून घेतली. मी बघितलं. नोटा होत्या, आत्ताच कपाटात गेलेल्यांतल्या. ती माझ्याकडे बघून गप्प हसत होती. ओटीत पडलेलं परत करता येत नाही, हे मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. हेडफोन झाले, खुर्ची झाली, आता ही ओटी.

मी ओटी पदराच्या गाठीत बांधली. मग म्हणाले, "कुंकवाचा करंडा दे इकडे."

"काहून?"

"थोरली मी आहे. तुझी ओटी मी भरायची."

तिला नाही म्हणता येईना. तिने पदर पुढे केला. मी तिला कुंकू लावलं, आणलेल्या संत्र्यांतली पाच तिच्या पदरात घातली, आणि खणातल्या नोटा काढून संत्र्यांवर ठेवल्या, एकही मागे न ठेवता.

"बाई!" ती म्हणाली. "आन तुले मुकी म्हंतात?"

"ओटी आहे," मी म्हणाले. "नाकारू नको."

ती पुढच्या खोलीतल्या मालकांना ऐकू जाईल इतकी मोठ्याने हसली. मग तशीच संत्री पदरात धरून आत गेली, आणि मला कपाट उघडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज आला. तो आल्यावरच मी चपला घातल्या. पैसे पूर्ण फिटले.